गाडीच्या पोटाखालचा हिवाळा

भंडाऱ्यात बर्फ पडत नाही. रस्त्यावर मीठ कोणी पसरत नाही. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास घुटमळतो, चौकाचौकात शेकोट्या पेटतात आणि दुपारी बारा वाजले की स्वेटर काढून हातात धरावा लागतो. मग हिवाळ्यात गाडीचे शॉकअप, स्प्रिंगा, पाटे आणि लोअर आर्म गंजतात याची चर्चा इथे कशाला? कारण ते गंजतात. युरोप-अमेरिकेत हिवाळा गंज घेऊन येतो. आपल्याकडे पावसाळ्यात आलेला गंज हिवाळाभर मुक्काम करतो, आणि आपण बोनेट पुसून खूश असतो. गाडीखाली टॉर्च मारून जे दिसतं त्यातल्या या काही गमती.

दोन समुद्रांच्या मध्ये

भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जाणारा महामार्ग, म्हणजे जुना सहा नंबर आणि आताचा ५३, सुरतजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला संपतो. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर, दोन्हीकडे बंदर. आपण मधोमध, दोन्ही खाऱ्या वाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर लांब. लोखंडाच्या दृष्टीने याहून भाग्याची जागा शोधून सापडायची नाही. त्यामुळे मुंबई किंवा रत्नागिरीत वाढलेली सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळाली म्हणून इकडे आणणाऱ्याने रंग बघण्याआधी गाडी लिफ्टवर चढवावी. समुद्राकाठची हवा गाडीच्या वरच्या बाजूला पॉलिश केलं की लपते, खालच्या बाजूला लपत नाही.

चीजचं पाणी रस्त्यावर

ज्यांची मुलं शिकागो, टोरांटो किंवा मिनियापोलिसला आहेत त्यांनी फोनवर ऐकलं असेल: ‘आई, गाडी पांढरी झालीय.’ ते बर्फ नव्हे, मीठ. अमेरिकेत रस्त्यावर मीठ टाकण्याचा पहिला प्रयोग १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने केला. आता तो देश वर्षाला साधारण दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर ओततो. कॅनडात गोडरिच इथली मिठाची खाण ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे १८०० फूट खोल आहे आणि तिथलं बरंचसं मीठ थेट रस्त्यावर जातं. डेट्रॉइट शहराच्या पोटातही मिठाची खाण आहे. म्हणजे जे शहर जगाला मोटारी देत होतं, त्याच्याच खाली मोटारी खाणारं मीठ!

विस्कॉन्सिन राज्यातल्या पोल्क परगण्याने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे चीजचे कारखाने भरपूर. चीज बुडवून ठेवलेलं खारं पाणी फेकायचं कुठे हा त्यांचा प्रश्न होता, तो रस्त्यावर शिंपडून सोडवला. काही ठिकाणी त्यात बीटचा रस मिसळतात, म्हणजे मिश्रण रस्त्याला चिकटून राहतं. आपल्याकडे उपासाला बीट चालतं की नाही यावर वाद होतो, तिकडे ते थेट टायरखाली.

आणखी एक उलटी गोष्ट. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभी असलेली मिठाळलेली गाडी सावकाश गंजते, आणि प्रेमाने गरम गॅरेजमध्ये ठेवलेली भराभर. उष्णता वाढली की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, आणि बर्फ वितळून खारं पाणी प्रत्येक फटीत शिरतं.

लाल पोतं, लाल डाग

‘आपल्याकडे मीठ नाही’ असं मघाशी म्हटलं खरं, पण एक पोतं राहून गेलं. म्युरेट ऑफ पोटॅश. रब्बीत किंवा उन्हाळी धानाच्या रोवणीआधी, म्हणजे ऐन जानेवारीत, बोलेरोच्या मागच्या सीटवर किंवा डिकीत टाकून आणलेलं ते लालसर खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जेवणातलं मीठ सोडियम क्लोराइड, हे त्याचं सख्खं भावंड. लोखंडाला त्रास देणारा क्लोराइड दोघांतही तोच. भारतात वापरलं जाणारं जवळजवळ सगळं पोटॅश आयात होतं आणि कॅनडा त्याच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. म्हणजे कॅनडातल्या पुतण्याची गाडी जे खाऊन गंजते, त्याचाच चुलतभाऊ पवनीच्या शेतापर्यंत पोचतो.

गंमत अशी की या पोटॅशचा लाल रंगही लोह-ऑक्साइडच्या अंशामुळेच येतो. डिकीच्या पत्र्यावर लाल डाग दिसला तर ते खत आहे की गंज, हे बघूनच ठरवावं लागतं. बहुतेक वेळा दोन्ही असतात.

आता हवेचं गणित पाहा. प्रत्येक क्षाराचा एक उंबरठा असतो. हवेतली आर्द्रता त्यापलीकडे गेली की तो हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओला होतो. मिठाचा उंबरठा साधारण ७५ टक्के, पोटॅशचा ८४च्या आसपास. परदेशात रस्त्यावर टाकतात ते मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं, म्हणून ते जास्त खोडकर. आपल्या धानपट्ट्यात पहाटे दव पडतं तेव्हा पोटॅशचा उंबरठा सहज ओलांडला जातो आणि दुपारी हवा पुन्हा कोरडी होते. रोज ओलं, रोज सुकं. गंजाला सतत पाण्यात बुडून राहण्यापेक्षा ही ये-जा जास्त मानवते, कारण सुकताना हवेतला ऑक्सिजन पातळ थरातून भराभर आत जातो.

खत आणू नये असं कोणी म्हणणार नाही. पण पोत्याखाली ताडपत्री टाका आणि सांडलं तर झाडून घेण्यावर न थांबता पाणी मारा. झाडूने क्षार जात नाही.

चिखलाचं पोटीस

खरा आरोपी मात्र चिखलच. जुलैत चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून डांबरी रस्त्यावर चढतो आणि चाकांनी आणलेला गाळ रस्त्यावर सोडत जातो. मागून येणारी तुमची गाडी तो उडवून व्हील आर्चच्या आत, स्प्रिंगच्या खालच्या ताटलीत, लोअर आर्मच्या पोकळीत भरून घेते. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, लिंबू ठेवतो. तो गाळ तिथेच असतो. बाहेरून सुकलेला दिसतो, आतून महिनोन्‌महिने ओलसर राहतो. जखमेवर पोटीस बांधावं तसा तो धातूला धरून बसतो.

यातली उलटी गोष्ट केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात पाण्याच्या एका थेंबावर दाखवली. लोखंडावर खारा थेंब ठेवला तर वाटतं, हवा जिथे जास्त तिथे, म्हणजे कडेला, गंज जास्त खाईल. घडतं उलट. कडेला हवा मिळते म्हणून तो भाग वाचतो आणि मधला, हवा न पोचणारा भाग विरघळत जातो. चिखलाखालच्या लोखंडाचं तेच. वरून झाकलेलं म्हणून सुरक्षित वाटतं आणि तिथेच खड्डा पडतो.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. इंजिन, सीट, वायरिंग यांची चिंता सगळ्यांनी केली, ती रास्तच होती. पण नदीचा बारीक गाळ चासीच्या बंद पोकळ्यांत जाऊन बसतो तो डोळ्यांना दिसत नाही. पुरातली गाडी ओळखायची तर कार्पेटचा वास घेण्यापेक्षा लोअर आर्मच्या भोकात तार घालून बघणं बरं. बाहेर काय येतं ते तार सांगते.

नाटकाची रात्र आणि गाडीचं दव

दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. रात्री जेवून निघायचं, नाटक पाहायचं, पहाटे परतायचं. गाडी कुठे उभी? मंडपाशेजारच्या, नुकतंच धान कापलेल्या बांधीत. जमीन अजून ओलसर, आकाश निरभ्र. अशा रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. टपावर दव पडतं ते दिसतं, न दिसणारा भाग खाली असतो: मातीतून वर येणाऱ्या वाफेचं गाडीच्या थंड पोटाला लागून पाणी होतं. लोखंडाला गंजायला पाऊस लागत नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पुरे.

यावर तोडगा अगदी साधा आहे. गाडी ओल्या बांधीऐवजी मुरमाच्या किंवा डांबराच्या जागेवर लावायची. दोनशे पावलं चालावं लागेल. नाटक बसून पाहायचं असतं, तेव्हा एवढं चालणं अंगी लागतं.

आणि हो, बांधीतून निघताना तणस अ‍ॅक्सलला गुंडाळून आलंय का तेही वाकून बघा. तणस पाणी धरतं आणि सायलेन्सरला लागलं तर पेटतंही.

टॉर्च तुमसरचा, स्प्रिंगही तुमसरची

गाडीखाली बघायला टॉर्च लागतो. जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते ती मँगनीज डायऑक्साइड, आणि तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतलं खनिज याच कामासाठी प्रसिद्ध आहे. शेजारीच चिखला खाण. या खाणी चालवणाऱ्या ‘मॉईल’चा वंश १८९६ मधल्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातो.

मँगनीज स्प्रिंगमध्येही असतं. स्प्रिंगच्या शंभर किलो पोलादात साधारण पाऊण ते एक किलो मँगनीज मिसळलेलं असतं. ते नसेल तर पोलाद तापवून विझवताना आतपर्यंत नीट कडक होत नाही आणि खड्ड्यात आदळल्यावर परत उसळत नाही. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँड. म्हणजे खनिज, पोलाद आणि ट्रकचे गिअरबॉक्स या तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात. एवढं असून आपल्याच गाडीखाली वाकून बघायला आपल्याला कंटाळा येतो!

आणखी मागे जायचं तर नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. या मुलखाची लोखंडाशी ओळख जुनी आहे, म्हणजे गंजाशीही.

दहा टक्के झिजली, एक तृतीयांश गेली

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला, कोणी चोरू नये म्हणून, आणि १६७८ मध्ये उघड केला. त्यानंतरचं गणित आपल्या कामाचं आहे. गोल स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिलिमीटरची तार गंजून १०.८ झाली तर जाडी गेली फक्त दहा टक्के, पण ताठरपणा गेला सुमारे एक तृतीयांश. गाडी एका बाजूला कललेली का दिसते याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

प्रत्यक्षात इतकी वाट बघावीच लागत नाही. एखादा खडा लागून रंगाची टिकली उडते, तिथे गंजाचा बारीक खड्डा पडतो, त्या खड्ड्यातून तडा सुरू होतो आणि एका सकाळी गतिरोधकावर ‘टण्ण’ असा आवाज येतो. सगळ्यात खालचा वेढा सर्वांत आधी तुटतो, कारण ताटलीतला चिखल त्यालाच टेकलेला असतो. वाळूच्या टिप्परमागे चिकटून चालणाऱ्यांनी या टिकल्यांचा हिशेब करून ठेवावा. वैनगंगेची रेती आणि तिचं गळणारं पाणी दोन्ही फुकट मिळतं.

स्प्रिंग तुटू नये म्हणून कारखान्यात तिला मार देतात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. बारीक पोलादी छऱ्यांचा तिच्यावर पाऊस पाडतात. त्याने पृष्ठभाग आत दाबला जातो आणि तडा सुरू होणं अवघड होतं. हा मार किती बसला ते मोजायची पद्धत जनरल मोटर्समधल्या जॉन अल्मेन यांनी शोधली: स्प्रिंगच्याच पोलादाची एक छोटी पट्टी छऱ्यांखाली धरायची आणि ती किती वाकली ते बघायचं. गंजाचा खड्डा त्या दाबलेल्या थराच्या पलीकडे गेला की ही सगळी मेहनत पाण्यात.

पाटे आणि जळकं ऑइल

बोलेरोला मागे आजही पाटे असतात, ट्रक-टिप्परला तर असतातच. अँबेसेडरलाही मागे पाटे होते, आणि ती करकर ऐकत मोठी झालेली पिढी अजून हयात आहे. पाटे एकमेकांवर घसरायला हवेत. मध्ये गंज धरला की घसरत नाहीत, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. त्यामुळे तो पाटे आतून उचकटतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यातल्या लोखंडी फासळ्यांनी फुगून तांब्याचा पत्रा असाच ताणला होता. १९८०च्या दशकात त्या फासळ्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

यावर गॅरेजातला जुना इलाज म्हणजे जळकं ऑइल. डिझेलमध्ये मिसळून खालून फवारायचं. ‘भाऊ, दहा वर्षं काही होत नाही,’ असं मिस्त्री छातीठोक सांगतो. काही अंशी त्याचं खरंही आहे, तेलाचा थर पाणी दूर ठेवतो. पण तेच तेल रबरी बुश फुगवून मऊ करतं, धूळ धरून ठेवतं, ब्रेकवर गेलं तर जिवावर बेततं आणि उरलेलं जमिनीत मुरतं. तळ्यांच्या जिल्ह्यात तर हे मुळीच नको. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचं पाणी अजून धानाला जातं. पाट्यांसाठी ग्रीस आहे, तेवढंच वापरा.

गेरूने गेरूपासून संरक्षण

लोखंडावर आधी मारतात तो रेड ऑक्साइड प्रायमर. त्यातला लाल रंग म्हणजे लोह-ऑक्साइड, तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूतलं, आणि गंजातलंही. गंजू नये म्हणून गंजाच्याच जातीचा रंग! यात विसंगती नाही. जे आधीच पूर्ण गंजलेलं आहे ते आणखी काय गंजणार? ते नुसतं आडोसा बनून उभं राहतं. खरं राखणदारीचं काम मात्र त्यात मिसळलेल्या जस्ताच्या क्षारांचं असतं.

पितळ गंजत नाही, पण...

भंडाऱ्याची ओळख पितळेची, तेव्हा तिची आठवण काढायलाच हवी. पितळ लोखंडासारखं तांबडं होत नाही, पण तिलाही शत्रू आहे. इंग्रजांच्या फौजेत भारतातल्या पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण सांगितलं: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया. गोठ्याला लागून गाडी उभी करणाऱ्यांनी वायरिंगची पितळी टोकं अधूनमधून बघावीत.

लघवीचा विषय निघालाच आहे तर, २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत विजेचा एक खांब एका मोटारीवर कोसळला. बुंधा गंजला होता आणि अधिकाऱ्यांनी त्यात माणसांच्या व कुत्र्यांच्या लघवीचाही हात असल्याचं सांगितलं. आपल्या गल्लीतला कुत्रा रोज एकाच चाकाला पसंती देत असेल तर त्या बाजूचा लोअर आर्म आधी बघा.

कंपन्यांनाही घाम फुटतो

ब्रिटनमध्ये १९८० मध्ये लॅन्सिया कंपनीला आपल्या बीटा गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या, कारण इंजिन पेलणारी सबफ्रेम गंजत होती. नाव असं गेलं की १९९४ मध्ये कंपनीने ती बाजारपेठच सोडली. टोयोटाने २०१६ मध्ये अमेरिकेत गंजलेल्या चासीच्या खटल्यात सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

कंपन्यांची गंजाची चाचणी कशी असते? बंद पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, तापमान ३५ अंश, शेकडो तास. ही कल्पना १९१४ पासूनची. ३५ अंश म्हणजे भंडाऱ्यातली ऑक्टोबरची दुपार, फक्त मीठ वगळून.

धुवायचं कधी, लावायचं काय

गाडीखालचं काम भंडाऱ्यात करायचं ते नोव्हेंबरच्या शेवटाला. पाऊस गेलेला, धान घरी आलेलं, ऊन कोवळं. रॅम्पवर चढवून आधी व्हील आर्चच्या आतल्या कडा आणि स्प्रिंगची ताटली धुवायची. पाण्याचा जोर बॉल जॉइंटच्या रबरी बूटवर थेट मारायचा नाही, फाटका बूट असेल तर तो आधी बदलायचा. मग गाडी दिवसभर उन्हात सुकू द्यायची. ओल्या अंगावर अंडरबॉडी कोटिंग मारणारे बरेच आहेत. त्याने पाणी आत कोंडतं आणि काळ्या चकचकीत थराखाली काय चाललंय ते पुढची तीन वर्षं कळत नाही. कोटिंग न केलेलं बरं, पण ओल्यावर केलेलं नको.

शॉकअपचा चकचकीत रॉड, रबरी बुश, ब्रेक, सायलेन्सर आणि पाणी निघून जायची खालची भोकं या जागा कोटिंगपासून वाचवायच्या. भोकं बुजली की दरवाजाच्या पोटात तळं साचतं, आणि तळ्यांची आपल्याकडे आधीच कमी नाही.

पोकळ जागांत फवारायला मेणासारखं काहीतरी लागतं. त्यासाठी परदेशात लोकप्रिय असलेला एक पदार्थ मेंढीच्या लोकरीतून निघतो, लॅनोलिन. मेंढीला पावसात भिजू न देणारी ती चरबी लोखंडालाही भिजू देत नाही, आणि तीच लिपस्टिकमध्येही वापरतात. तेव्हा नवरोबांनी गाडीसाठी मागवलेला डबा घरात उघडा ठेवू नये.